बर्फातली सिरिंज

रक्तवायू तपासायच्या खोलीत मी नोकरीला लागलो ते १९८४ साली. पहिला धडा मिळाला तो बुडबुड्याचा. मनगटाच्या धमनीतून काढलेलं रक्त हेपारिन लावलेल्या काचेच्या सिरिंजमध्ये, सिरिंज बर्फाच्या ट्रेमध्ये, आणि ट्रे घेऊन वॉर्डातले मामा धापा टाकत जिना उतरायचे. आत हवेचा बुडबुडा राहिला की ऑक्सिजनचा आकडा खोटा. बर्फ नसेल तर रक्तातल्या पेशी वाटेतच ऑक्सिजन खाऊन टाकायच्या.

आमच्या यंत्राची कुळकथा पोलिओपासून सुरू होते. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास थांबत चाललेल्या पोलिओ रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, आणि डॉक्टर त्याला अल्कधर्मीपणा समजत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना ते पटलं नाही. तिथल्या प्रयोगशाळेतल्या पॉल आस्ट्रप यांनी पीएच मोजला, तर रक्त उलट आम्लधर्मी निघालं! कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नव्हता. मग शेकडो विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. अमेरिकेत रिचर्ड स्टो यांनी पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडवर रबराचा पातळ पडदा चढवून कार्बन डायऑक्साइड मोजायची वाट काढली, लेलँड क्लार्क यांनी ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड घडवला, आणि १९५८च्या सुमारास जॉन सेव्हरिंगहाउस यांनी दोन्ही एका यंत्रात बसवले.

दम्याच्या रुग्णांवर हे यंत्र वापरायला लागल्यावर साठच्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आयसोप्रेनलिनचा फवारा घेतला की फुंकर जोरात निघे, छातीची शिट्टी कमी होई, पण धमनीतला ऑक्सिजन थोडा उतरे.

मी ते प्रत्यक्ष पाहिलंय. एका शिक्षिकाबाईंचं रक्त नेब्युलायझरच्या आधी आणि नंतर, असं दोनदा आलं. ऑक्सिजनचा दुसरा आकडा पाऱ्याच्या पाच मिलिमीटरनं कमी. पहिल्या सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला असेल म्हणून मी वर गेलो. बाई उशीला टेकून म्हणाल्या, ‘‘दादा, आता बरं वाटतंय हो.’’ बाईही खऱ्या होत्या आणि आकडाही. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आपण होऊन आखडतात. रक्त उगाच तिकडे जात नाही. औषध श्वासनळ्यांबरोबर या वाहिन्याही सैल करतं. हवा पोचण्याआधी रक्त पोचतं आणि रिकाम्या हातानं परततं. पीटर वॅग्नर आणि जॉन वेस्ट यांच्या गटानं १९७४ साली सहा निष्क्रिय वायू शिरेतून सोडून हवा आणि रक्त यांची अशी चुकामूक मोजायची रीत बसवली, आणि पुढे दम्याच्या रुग्णांत ती तपासली. जोराच्या झटक्यात औषधाबरोबर ऑक्सिजन जोडतात, त्यामागे हाही हिशेब आहे.

ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेतून आलेला ऑक्सिमीटर आता बोटाला चिमट्यासारखा लावतात. पण त्याला कार्बन डायऑक्साइड कळत नाही. धापा टाकणाऱ्या दमेकऱ्याच्या रक्तात तो कमी असायला हवा. चाळीसवर, म्हणजे ‘नॉर्मल’ आला, की आमचे डॉक्टर खुर्चीतून उठायचे. माणूस थकत चालल्याची ती खूण. सिरिंज आता प्लॅस्टिकची झाली, बर्फही गेला. मनगटातली सुई मात्र अजून चुकलेली नाही.