बोट ऑर्डर करायची म्हणजे नेमकं काय? सुहेली, म्हादेई आणि कौंडिण्य

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजचा भाग बोललो तसाच, थोडा आवरून खाली देतोय.

यूट्यूबवर बोटी बांधण्याचे व्हिडिओ बघायचं मला व्यसन आहे. कुणीतरी श्रीमंत माणूस युरोपातल्या एखाद्या यार्डला स्वतःच्या पसंतीची मोटर यॉट ऑर्डर करतो, आणि मग सांगाड्यापासून बोट पाण्यात उतरेपर्यंत एपिसोडवर एपिसोड येत राहतात. यात तीन पार्ट्या असतात. पैसे देणारा मालक, आराखडा काढणारा नेव्हल आर्किटेक्ट आणि प्रत्यक्ष बांधणारं यार्ड. मोठ्या ऑर्डरमध्ये मालकाचा एक माणूस काम संपेपर्यंत यार्डातच तळ ठोकून बसतो, कारण सगळं काही कागदावर लिहिता येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे लगेच पटलं. आमच्याकडे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कितीही जाडजूड असलं, तरी खरं काम ‘जरा कॉलवर येता का?’ इथूनच सुरू होतं.

आज मात्र आपल्याच किनाऱ्यावर दिलेल्या तीन ऑर्डरींबद्दल बोलूया. एक मुंबईतली, दोन गोव्यातल्या. तिन्ही शिडाच्या बोटी, आणि ऑर्डर देणारा एकही अब्जाधीश नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: नकाशा आणि बोट यांच्यामध्ये जे अंतर उरतं ते कोण भरतं? आणि पुढे त्याचं नाव कोण घेतं?

पहिली ऑर्डर: मागवलं एक, आलं भलतंच

१९६० च्या दशकाची सुरुवात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की मुंबईत स्वतःची बोट बांधून घ्यायची आणि तीच घेऊन इंग्लंडला घरी जायचं. मुंबईत सागवान उत्तम मिळायचं, आणि लाकडाची जहाजं बांधणारे हात इथे पिढ्यान् पिढ्या होते. वाडियांच्या मास्टर बिल्डरांनी १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं एचएमएस त्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये तरंगतंय, म्हणजे बघा!

नकाशे इंग्लंडहून डाकेने मागवले. आले ते भलतेच. आधुनिक डिझाइन हवं होतं आणि हातात पडला विल्यम ॲटकिन या अमेरिकन डिझायनरचा १९२० च्या दशकातला ‘एरिक’ नावाचा आराखडा. नॉर्वेच्या जुन्या बचाव-नौकांच्या वळणाची, दोन्ही टोकांना निमुळती, जाडजूड आणि संथ बोट. आता परत पाठवायचं, पुन्हा वाट बघायची, एवढा वेळ कुणाकडे होता? त्यांनी तीच बांधायला घेतली.

मुंबईच्या सुतारांनी ती बांधली वाकसाने लाकूड तासून, आणि धनुष्यासारख्या काठीला दोरी लावून फिरवायच्या हत्याराने भोकं पाडून. ३२ फूट लांबी, सगळं सागवान. १९६४ च्या शेवटी नारळ फोडून बोट पाण्यात उतरली. नाव ठेवलं ‘सुहेली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देतात. त्याच बोटीतून आफ्रिकेला वळसा घालून नॉक्स-जॉन्स्टन १९६७ मध्ये इंग्लंडला पोचला.

मग आली गोल्डन ग्लोब शर्यत. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. तोवर हे कुणीच केलं नव्हतं. खरं तर त्याला यासाठी नवी कोरी पोलादी बोट बांधून घ्यायची होती, आराखडाही तयार होता, पण पैसे उभे राहिले नाहीत. म्हणून १४ जून १९६८ ला तो सुहेली घेऊनच निघाला. शर्यतीत एकूण नऊ जण होते.

वाटेत तळाजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायला लागलं. आजूबाजूला ना बंदर, ना मेकॅनिक. हा माणूस स्वतः समुद्रात उतरला, श्वास रोखून बोटीच्या खाली गेला आणि गळणाऱ्या फटीवर कॅनव्हासची पट्टी आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. विचार करा, हे त्याला का जमलं? डोळ्यांदेखत बांधून घेतलेली बोट होती ती. कुठली फळी कुठे जाते, कुठला सांधा कशावर टेकलाय, हे त्याने कोरड्या जमिनीवर पाहिलेलं होतं.

२२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परत आला. नऊ जणांत शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच. भलत्याच नकाशावरून, हाताच्या हत्यारांनी बांधलेली मुंबईची बोट जगाला फेरी मारून आली. नॉक्स-जॉन्स्टन पुढे ‘सर’ झाला. आणि ज्यांनी वाकस चालवला ते मिस्त्री? सुहेली म्हटलं की त्यांचं नाव कुणाच्याच तोंडी येत नाही.

दुसरी ऑर्डर: नकाशा हॉलंडचा, लाकूडकाम गोव्याचं

आता चाळीसेक वर्षं पुढे येऊया. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे. त्यांच्या डोक्यात होतं की एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाने हे उचलून धरलं, नाव दिलं ‘सागर परिक्रमा’. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी हात वर केला. आणि काम काय, तर आधी बोट बांधून घ्यायची आणि मग तीच चालवायची. त्यासाठी ते इंग्लंडला शिकायला कुणाकडे गेले असतील? सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच.

आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टॅट या डिझाइन ऑफिसचा निवडला, ‘टोंगा ५६’, म्हणजे ५६ फुटी. बांधायचं काम मिळालं गोव्यात दिवाडी बेटावर यार्ड चालवणाऱ्या रत्नाकर दांडेकरांना. त्यांच्याकडे फायबरग्लासच्या बोटी बनायच्या. महासागर ओलांडणारी शिडाची बोट त्यांनी आधी कधी बांधली नव्हती. म्हणजे चालवणारा पहिल्यांदाच एवढं मोठं धाडस करणार, बांधणारा पहिल्यांदाच अशी बोट बांधणार. कुठलाही प्रोजेक्ट मॅनेजर हा प्लॅन बघून रात्रभर झोपला नसता!

बांधायची पद्धत थोडक्यात सांगतो. आधी बोटीच्या आकाराचे साचे उलटे उभे करायचे. त्यांच्यावर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत न्यायच्या. बाहेरून फायबरग्लासचे थर द्यायचे. मग अख्खं कवच उलटं करून सरळ करायचं आणि आतून काम सुरू. एखादी पट्टी नीट चिकटली नाही तर ते वरून कधीच दिसत नाही. ते कळतं दक्षिण महासागरात, लाटा उठल्यावर. म्हणून दोंदे बांधणीच्या मागे सतत होते. तारीख सांभाळायची होतीच, पण उद्या मोडतोड झाली तर दुरुस्त करणारे तेच एकटे असणार होते.

फेब्रुवारी २००९ मध्ये बोट नौदलात आली. दिवाडी बेट मांडवीच्या पात्रात आहे, आणि मांडवीचं दुसरं नाव म्हादेई. बोटीचंही नाव म्हादेईच ठेवलं. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेऊन १९ मे २०१० ला मुंबईत परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे याच म्हादेईतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाले आणि कुठेही न थांबता मार्च २०१३ च्या शेवटी परत आले. मग त्याच आराखड्यावर दांडेकरांच्या यार्डात ‘तारिणी’ बनली, आणि तिच्यातून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला फेरी मारली.

सुहेलीच्या तुलनेत इथे एक गोष्ट बदललेली दिसते. म्हादेईची गोष्ट सांगताना दोंदेंच्या जोडीला दांडेकरांचं नाव येतं. बांधणारा गोष्टीच्या आत आला.

तिसरी ऑर्डर: नकाशाच नाही

आणि ही तर माझी सगळ्यात आवडती. २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि दांडेकरांचीच होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. बांधायचं काय? पाचव्या शतकातलं जहाज. रिक्वायरमेंट काय? अजिंठ्याच्या लेण्यातलं एक भित्तिचित्र!

म्हणजे हातात फक्त एक चित्र. मापं नाहीत, आतला भाग दिसत नाही. चित्रावरून आकार ठरवायचा, मग मॉडेल करून आयआयटी मद्रासमध्ये ते पाण्यात कसं वागतं हे तपासायचं. आणि बांधायचं तेही खिळे न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून. हे शिवणकाम अजून हातात असलेले कारागीर केरळहून आले, आणि त्यांचे प्रमुख होते बाबू शंकरन. हे नाव सरकारी निवेदनांमध्ये छापून आलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. नाव ‘कौंडिण्य’, समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या, दंतकथेतल्या भारतीय दर्यावर्दीचं.

आता तिन्ही ऑर्डरी शेजारी ठेवून बघा. एकीत नकाशा चुकीचा, एकीत बरोबर, एकीत नकाशाच नाही. तिन्ही बोटी तरंगल्या. नकाशा महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाहीये, म्हादेईला तो लागलाच. पण प्रत्येक वेळी कागदावर नसलेलं बरंच काही कुणाच्या तरी हातात होतं, आणि ऑर्डर देणारा शेजारी उभा राहून ते समजून घेत होता. अजिंठ्याचं चित्र दीड हजार वर्षं टिकलं. त्यावरून जहाज बांधता आलं, कारण काथ्याने फळ्या शिवणारे हात अजून शिल्लक होते. ते एका पिढीने जरी तुटले असते, तरी चित्र नुसतं चित्रच राहिलं असतं.

तर मंडळी, या भागाचा होमवर्क. मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, हर्णै, वसई, कुठेही तुमच्या ओळखीत लाकडाची होडी बांधणारे कुणी काका-आजोबा असतील, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. फोन आहेच हातात, रेकॉर्डिंग सुरू करा. फळी कशी वाकवतात, सांधा कसा बुजवतात, विचारा. आणि सुरुवातीलाच त्यांचं पूर्ण नाव त्यांच्याच आवाजात घ्या. सुहेलीच्या मिस्त्रींच्या वेळी हे कुणी केलं नाही, आपल्याला तर खिशातला फोनच काढायचाय.

भेटू पुढच्या भागात!