साबणाचा दिवस, एप्रिल 1830

वारा अंगणाकडून येतो आहे आणि त्याला खवट वास आहे. तुम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या एका शेतघराच्या मागच्या दारी उभे आहात. वर्ष 1830, महिना एप्रिल. झाडांच्या सावलीत मळकट बर्फाचे ढीग अजून वितळायचे आहेत, बाकी सगळीकडे चिखल. मेपलचा रस आटवून साखर करायचा हंगाम नुकताच संपला आहे आणि नांगरणीला अवकाश आहे. या मधल्या दिवसांत घरची बाई वर्षभराचा साबण करून ठेवते. आज तुम्ही तिच्या हाताखाली आहात.

कोपऱ्यात दगडांवर एक लाकडी पिंप उभं आहे. त्याच्या बुडाशी भोक आहे. भोकावर आतून काटक्या आणि काड अंथरलंय आणि त्यावर गळ्यापर्यंत राख चेपून भरली आहे. ही राख निवडून घेतलेली आहे: हिवाळाभर चुलीत जळलेल्या हिकरी, ओक, मेपल, बीच अशा कठीण लाकडांची. पाइनची राख तिने घेतली नाही, कारण तिच्यात क्षार कमी. तुमच्या हाती बादली देऊन ती म्हणते, ‘‘पावसाचंच पाणी घ्या, विहिरीचं नको. आणि एकदम ओतू नका.’’ विहिरीच्या जड पाण्यातला चुना साबणाला फाडतो हे तिला कोणी शिकवलेलं नाही, पण तिच्या आईने विहिरीचं पाणी कधी घेतलं नव्हतं.

काल ओतलेलं पाणी आज भोकातून थेंब थेंब पडतंय. रंग कोऱ्या चहासारखा. एक थेंब बोटांवर घेऊन चोळा. आधी बुळबुळीत लागतं, मग चुरचुरायला लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे तुमच्याच कातडीवरच्या तेलाचा साबण व्हायला लागलाय. हात लगेच धुवा. राखेने भांडी घासणारी आपल्याकडची पिढी याच गुणावर विसंबून होती.

आता ती खुराड्यातून ताजं अंडं आणते आणि त्या पाण्यात सोडते. अंडं खाली जातं, रेंगाळत वर येतं, पण पाण्याबाहेर डोकं काढत नाही. पाणी कच्चं आहे. ते पुन्हा राखेवर ओतायचं. दुसऱ्या फेरीला अंडं तरंगतं आणि वर नाण्याएवढा गोल कोरडा राहतो. झालं. अंडं हाताशी नसेल तर बटाटा चालतो. कोणी कोंबडीचं पीस बुडवून बघतात; तंतू विरघळून नुसती काडी उरली की पाणी तयार. या बाईकडे मापाची नळी नाही, तराजूही नाही. तरी ती द्रावणाची घनता मोजते आहे आणि कामापुरती अचूक मोजते आहे. याला अंदाजपंचे म्हणणं मला मान्य नाही. हे रसायनशास्त्रच आहे, फक्त ते वहीत न लिहिता हातातून हातात आलेलं.

राखेला या मुलखात दामही मिळतो. जंगल तोडून शेतं काढणाऱ्यांनी सुरुवातीला पैसा केला तो राखेतल्या क्षारावर, म्हणजे पोटॅशवरच. अमेरिकेचं पहिलं पेटंट, 31 जुलै 1790 चं, सॅम्युएल हॉपकिन्सला पोटॅश करायच्या सुधारलेल्या पद्धतीसाठीच मिळालं आणि त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. बॉस्टनमध्ये 1829 साली निघालेल्या ‘द फ्रूगल हाउसवाइफ’ या पुस्तकात लिडिया मारिया चाइल्ड यांनी शहरातल्या बायकांना राख आणि चरबी देऊन साबण घ्यायला सांगितलंय आणि खेड्यातल्यांना तो घरीच करायला. तुम्ही खेड्यात आहात, तेव्हा बाह्या वर करा.

त्या खवट वासाकडे वळू. पडवीतल्या टोपात हिवाळाभर साठवलेली चरबी आहे: नोव्हेंबरात जनावरं कापली तेव्हाच्या कडा, डुकराच्या मांसाची जाड साल, तव्यावरून गाळून ठेवलेली चरबी, हाडांना चिकटलेली पांढुरकी. बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कठीण, शुभ्र चरबी मात्र यात दिसणार नाही. तिच्या मेणबत्त्या झाल्या. या घरात टॅलोवर, म्हणजे गाईबैलाच्या चरबीवर, पहिला हक्क उजेडाचा आहे. साबणाच्या वाट्याला उरलेलं येतं. आणि त्या उरलेल्यातलंही काही फुकट जात नाही, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते.

तुकडे बारीक करा. बिडाच्या हंड्यात पाणी घालून त्यात टाका आणि विस्तव मंद ठेवा. चरबी जळली की साबण काळपट होतो, वासही जात नाही. मांसाचे धागे आक्रसून वर येतात, ते गाळून काढा. मग हंडा गार व्हायला बाजूला ठेवा. सकाळी वर जाड पांढरी चकती बसलेली असते आणि खाली तपकिरी, लिबलिबीत पाणी. चकती उलटी करून बुडाला चिकटलेला गाळ सुरीने खरवडून टाका. आता हुंगा. वास पुष्कळ कमी झालाय. गाईबैलाची आणि डुकराची चरबी तिने वेगवेगळी कढवली आहे. डुकराचा लार्ड तळहातावर घेतला तर बघता बघता मऊ पडतो. टॅलोचा तुकडा तसाच कडक राहतो, कारण तो वितळायला अंगाच्या उष्णतेपेक्षा जास्त ऊब लागते. तुमच्या तळहाताला आत्ता जो फरक कळला, तोच उद्या साबणाच्या वडीत उतरणार आहे.

मोठी काहील बाहेर विस्तवावर चढते. त्या काळचा ठोकताळा असा, की सहा बुशेल, म्हणजे दोनशे लिटरच्या वर राख आणि 24 पौंड, म्हणजे साधारण 11 किलो चरबी यांतून एक पिंप मऊ साबण निघतो. चरबी वितळली की राखेचं पाणी थोडं थोडं घालायचं आणि ढवळत राहायचं. ढवळायला सॅसफ्रासच्या लाकडाचा दांडा असावा आणि तो एकाच दिशेने फिरवावा, असा इकडचा समज. दिशेचं काही नसतं, पण न थांबता ढवळण्याला फार अर्थ आहे: चरबी आणि पाणी एकमेकांत मिसळतच नाहीत, त्यांना सतत भिडवत ठेवावं लागतं. शिवाय राखेतला क्षार बहुतेक सौम्य, कार्बोनेटच्या रूपातला. तो चरबी फोडायला वेळ घेतो. कोणी त्यात चुना घालून त्याला दाहक करतात, मग काम लवकर उरकतं. इथे चुना नाही, म्हणून दुपार कलली तरी तुमचे दंड दुखताहेत, डोळ्यांत धूर जातोय आणि काहिलीत अजून तेलाचे डोळे तरंगताहेत.

मग ते डोळे दिसेनासे होतात. काहिलीतला रस दाटतो, दांड्यावरून थेंबांऐवजी पदरासारखा सांडतो. ती थंड बशीवर थोडा टाकून न्याहाळते, जिभेच्या टोकाला लावते. जीभ चावली तर क्षार जास्त, अजून चरबी हवी. जीभ चावत नाही. साबण आला. तपकिरी, बुळबुळीत, खिरीहून दाट असा हा साबण पिंपात भरायचा आणि वर्षभर डावाने काढून कपड्यांना, लाकडी जमिनीला, लोकरीला लावायचा.

पण वडी कुठे आहे? राखेतला क्षार पोटॅशियमचा. त्याचा साबण मऊच राहतो. म्हणून ती थोडा साबण वेगळा काढून त्यात मीठ टाकते, हात आखडून, कारण मीठ विकतचं आहे. मिठातलं सोडियम पोटॅशियमची जागा घेतं, खाऱ्या पाण्यात साबण विरघळून राहू शकत नाही, आणि तुमच्या डोळ्यांदेखत तो फाटून गाठीगाठींनी वर येतो. खालच्या पाण्यात ग्लिसरीन आहे. कार्ल शीलेने ते 1779 साली शोधलं, पण या अंगणात ते चिखलात ओतलं जातं. वरचा थर लाकडी पेटीत घालून, घट्ट झाला की कापून माळ्यावर वाळत ठेवायचा. टॅलोची वडी वाळली की दगडासारखी टिकते; लार्डची जरा मऊ, पण पांढरीशुभ्र.

असं का, याचं उत्तर या क्षणी पॅरिसमध्ये छापून तयार आहे. मिशेल शेव्हरल यांनी 1811 मध्ये डुकराच्या चरबीचा साबण तपासायला घेतला आणि 1823 मध्ये प्राणिज चरबीवरचा ग्रंथ काढला. चरबी म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली निरनिराळी मेदाम्लं, हे त्यांनी दाखवलं. टॅलोत स्टिअरिक आणि पामिटिक आम्ल भरपूर, म्हणून वडी कठीण आणि फेस बारीक, सायीसारखा. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, म्हणून फेस ढीगभर, पण एकट्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. कारखान्यांनी पुढे चार भाग टॅलो आणि एक भाग खोबरेल असं जे मिश्रण पक्कं केलं, त्यामागे हाच हिशेब. निकोला लब्लां यांनी 1791 मध्ये मिठापासून सोडा करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. तो सोडा स्वस्त झाला आणि राखेचं पिंप हळूहळू अडगळीत गेलं.

प्राणिज चरबीशिवाय साबण हाही जुनाच. मार्सेयच्या साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज काही घालायचं नाही, असं फ्रान्सच्या राजाचं फर्मान 1688 चं आहे. मुंबईत पहिल्या महायुद्धानंतर अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला, तो इथल्या माणसाची चरबीबद्दलची भावना ओळखून. 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं उघड झालं, देशभर संताप उसळला आणि सरकारने टॅलोच्या आयातीवर बंदी घातली. टॅलोची जागा मोठ्या प्रमाणावर पाम तेलाने घेतली, आणि त्या तेलासाठी इंडोनेशिया-मलेशियातली जंगलं गेली. ज्याला चरबी नको त्याला ती न वापरण्याचा पूर्ण हक्क आहे. पण साबणाचं द्रव्य म्हणून टॅलोला कमी लेखायचं कारण नाही. खाटकाकडे टाकून दिली जाणारी वस्तू वापरली जाणं हे चांगलंच.

आता तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात परत आला आहात. साबणाच्या वेष्टनावर ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलं असेल तर ती चरबी, ‘सोडियम पामेट’ असेल तर पाम तेल. घरी करायचा बेत असेल तर अंड्यावर विसंबू नका, वजनकाटा घ्या. एक किलो टॅलोला साधारण 140 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, एक किलो खोबरेलाला 183 ग्रॅम. तेल बदललं की हिशेब नव्याने करा आणि सोडा पाचेक टक्के कमीच धरा, म्हणजे थोडी चरबी कातडीसाठी उरते. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं कधीही घेऊ नका, सोडा ते खातो, स्टीलचं घ्या. सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर ओतू नका. आणि वड्या चार ते सहा आठवडे वाळल्याशिवाय अंगाला लावू नका.