घनाकार प्रवाळटाकी : नळजोडणीचा आराखडा आधी, प्रवाळ नंतर

नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावच्या घरात रात्री दोन वाजता वीज जाते, तेव्हा पंखा थांबल्याने माणसे जागी होतात. त्याच क्षणी दिवाणखान्यातील सागरी मत्स्यालयात काय घडते, हे टाकीच्या मालकाने टाकी विकत घेण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवलेले असावे. पंप थांबतो, वरच्या टाकीतील पाणी नळातून उलटे खाली येऊ लागते आणि खालच्या टाकीत त्याला जागा नसेल तर ते फरशीवर येते. पाण्यातील प्राणवायू त्यानंतर कमी होऊ लागतो. प्रवाळटाकीची नळजोडणी वीज असताना कशी चालेल यावरून आखायची नसते; वीज गेल्यावर आणि ती परत आल्यावर काय होईल, यावरून आखायची असते. घनाकार टाकीच्या बाबतीत हा नियम अधिकच कठोर आहे. त्याचे कारण पुढे येईल.

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या घाटमाथ्याला टेकलेले आहेत. येथे पाणी साठवण्याची परंपरा मात्र फार जुनी आहे. कातळात खोदलेल्या चौकोनी टाक्यांना येथील प्राकृत शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान दिल्याचा लेख आहे. डोंगराच्या अंगावरून पाणी कोठून येईल, कोठून बाहेर पडेल आणि उन्हाने किती उडून जाईल, याचा विचार छिन्नी लावण्यापूर्वी करावा लागत असे, कारण कातळात चूक दुरुस्त होत नाही. काचेलाही एकदा भोके पाडली की तीच गत.

सागरी जीव पाहण्याची मराठी माणसाची हौस मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने दीर्घकाळ भागवली. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेले हे मत्स्यालय २०१५ मध्ये नव्या रूपात खुले झाले आणि करोनाच्या काळात बंद पडले. समुद्राकाठच्या मत्स्यालयाला समुद्र शेजारी असतो. घरच्या टाकीला तो पिशवीतील मिठापासून तयार करावा लागतो.

उदाहरणासाठी बाहेरून ६० सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशी १२ मिलिमीटर काचेची टाकी घेऊ. पाणी ५५ सेंटिमीटरपर्यंत भरले तर तिच्यात सुमारे १८० लिटर मावते. हे पाणी, काच, दगड, खालची टाकी आणि लाकडी किंवा लोखंडी घोडी मिळून वजन पावणेचारशे किलोच्या घरात जाते आणि ते सारे जेमतेम चार चौरस फुटांवर उभे राहते. म्हणजे चौरस मीटरला एक टनाहून अधिक! निवासी इमारतींच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. एवढ्यावरून स्लॅब कोसळेलच असे नाही, कारण मानकातील भार सबंध खोलीवर धरलेला असतो. तरीही वरच्या मजल्यावर टाकी ठेवायची तर ती तुळई व खांबाजवळ असावी आणि इमारतीच्या अभियंत्याला आधी विचारावे. तळमजला असेल तर प्रश्नच मिटला.

आता घनाकाराची खरी अडचण. लांब टाकीखाली लांब तळटाकी बसते. घनाच्या घोडीत मात्र ५० × ५० × ४० सेंटिमीटरपेक्षा मोठी तळटाकी सहसा मावत नाही. वरच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की सुमारे ३.३ लिटर पाणी खाली येते. तळटाकीत एवढ्या पाण्याने पातळी जवळजवळ दीड सेंटिमीटर वाढते. तळटाकी चालू अवस्थेत २२ सेंटिमीटर भरलेली असेल तर वर फक्त १८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४२ लिटरची जागा उरते. पंपाचे पाणी वर सोडणारे तोंड पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटर बुडवले असेल, तर वीज जाताच ५० लिटर पाणी उलटे येईल. फरशीवर ८-१० लिटर खारे पाणी, बहुधा विजेच्या बोर्डाशेजारीच! तेच तोंड ३ सेंटिमीटरच बुडवले तर नळ्यांतील व सांडव्यातील पाणी धरूनही १५ लिटरच्या आसपास पाणी उतरते आणि तळटाकीत ते निमूट मावते. त्याच नळीला पाण्याच्या पातळीलगत ४-५ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. हे छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून ते दर पंधरवड्याला साफ करायचे. प्लंबर येथे नॉन-रिटर्न व्हॉल्व सुचवतील. तो बसवायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नये. मिठाचा एक खडा किंवा एक लहानशी गोगलगाय त्याची झडप अर्धवट उघडी ठेवायला पुरते.

पाणी खाली नेणारी बाजू याहून महत्त्वाची. मागच्या भिंतीच्या मध्यभागी दातेरी काठाची सांडवापेटी असावी. पृष्ठभागावरचा तेलकट थर तीच ओढून घेते. पेटीतून तीन नळ्या खाली उतरवाव्यात. पहिली पूर्ण पाण्याने भरून वाहणारी, जिच्यावर व्हॉल्व बसवून प्रवाह जुळवता येतो. दुसरीचे तोंड थोडे वर, तिच्यातून बारीक धार जाते. तिसरीचे तोंड सर्वांत वर आणि ती नेहमी कोरडी. पहिलीत मासा, पान किंवा गोगलगाय अडकली तर पाणी दुसरीत, मग तिसरीत वळते. एका नळीवर भागवण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण काचेला तीन भोके पाडायची भीती वाटते. या मोहाला बळी पडू नये. तिसरी नळी वर्षातून एकदा उपयोगी पडली तरी तिची किंमत वसूल झाली. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या या आकाराला पुरतात. काचेच्या भोकात बसवायच्या भागाला आपल्याकडे टँक निपल म्हणतात. घराच्या गच्चीवरील टाकीला असतो तोच, मात्र दोन्ही बाजूंना जाड रबरी वॉशर असलेला आणि प्लॅस्टिकचा.

प्लॅस्टिकचा यावर जोर देण्याचे कारण आहे. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व मागितला की पितळेचा हातात येतो. सीपीव्हीसीच्या कित्येक एल्बोंच्या आतही पितळी आटे असतात. पितळेत तांबे असते आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना ते अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. केवड्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, त्या मोरचुदात तांबेच तर असते. म्हणून व्हॉल्व, युनियन, निपल, सारे यूपीव्हीसीचेच हवे आणि फवारणीच्या बादलीत चुकूनही मीठ कालवू नये. प्रत्येक पंपाजवळ एक युनियन जोड ठेवावा, म्हणजे पंप स्वच्छ करण्यासाठी नळी कापावी लागणार नाही. सोल्व्हंट सिमेंट लावल्यावर एक दिवस वाळू द्यावे आणि साध्या पाण्याने नळ्या धुवाव्यात.

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा पाहू नये. टाकीतून तासाला ८०० ते १००० लिटर पाणी फिरले तर पुरे, पण ते सव्वा मीटरहून अधिक उंच चढवायचे आहे. उंचीनुसार प्रवाह किती उरतो, हा तक्ता पंपासोबत असतो, तो वाचावा. प्रवाळांना हवी असलेली जोरदार, उलटसुलट हालचाल या पंपाने होत नाही. तिच्यासाठी टाकीतच लाटयंत्रे बसवतात. घनाकारात समोरासमोरच्या भिंती सारख्याच जवळ असल्याने एकाच बाजूचे यंत्र समोरच्या काचेवर आपटून दगडांमागे निवांत कोपरे निर्माण करते आणि तेथे घाण साचते. दोन लहान यंत्रे वेगवेगळ्या उंचीवर, आळीपाळीने चालणारी ठेवावीत. दगडांचा ढीग मागच्या काचेला न टेकवता मध्ये उभा करावा. तीन बाजूंनी पाहता येणे हीच तर घनाची मौज.

यांपैकी एक लाटयंत्र १२ किंवा २४ व्होल्टचे असावे, बॅटरीवर चालणारे. वीज गेल्यावर पहिला धोका तापमानाचा नसून प्राणवायूचा असतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की तो बराच टळतो. वादळी पावसात तारा तुटल्या की आडगावात वीज यायला दुसरा दिवस उजाडतो. घरातील इन्व्हर्टरवर फक्त हे यंत्र ठेवले तर १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी एक दिवस काढते. मुख्य पंप, दिवे आणि हीटर मात्र इन्व्हर्टरवर टाकू नयेत. वायर आधी सॉकेटच्या खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये जात नाही. घोडीच्या आत बोर्ड नसावा. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच तर अनिवार्य समजावा.

पाण्याविषयी. बागायती पट्ट्यातील विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार असतात, खतांचे नायट्रेटही उतरते. म्हणून आरओचे पाणी आणि त्यानंतर रेझिनची नळी हवी. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळणारा टीडीएसचा स्क्रू असतो. तो पूर्ण बंद केल्याशिवाय ते पाणी कामाचे नाही. टाकी व तळटाकी मिळून २२० लिटर शुद्ध पाणी लागेल. त्यासाठी यंत्र ५००-६०० लिटर पाणी बाहेर टाकते. कुकडी प्रकल्पाची धरणे उशाशी असूनही ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकर जातात, तेथे हे पाणी मोरीत सोडणे शोभत नाही. झाडांना, धुण्याला, फरशीला ते वापरावे. पहिल्या भरणीला सागरी मिश्रण सुमारे साडेआठ किलो लागते. घनता १.०२५ ते १.०२६, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. साधे मीठ येथे चालत नाही, कारण त्यात हे कॅल्शियम नसते आणि मॅग्नेशियमही नसते.

तापमान २४ ते २६ अंश राखायचे, तर एप्रिल-मेच्या तलखीत पंखा किंवा चिलर लागतो. कोरड्या हवेत पाण्यावर फिरणारा पंखा २-३ अंश सहज उतरवतो, मात्र दिवसाला ३ ते ५ लिटर पाणी उडवतो. मीठ टाकीतच राहते, म्हणून भरपाई गोड्या पाण्याने करावी. ही घट तळटाकीतील पंपाच्या कप्प्यात दिसते. तेथे तरंगता स्विच लावून भरपाई स्वयंचलित करता येते. भरपाईचे भांडे १५-२० लिटरचेच ठेवावे. स्विच अडकला तर तेवढेच पाणी जाईल, ड्रमभर नव्हे.

प्रवाळांच्या खरेदीपूर्वी कायदा वाचलेला बरा. समुद्रभित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्री घोडेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सहलीतून आणलेला एक तुकडा हाही गुन्हाच. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. घरच्या टाकीसाठी छत्रप्रवाळ, झोअँथिड यांसारखी मऊ प्रवाळे निवडावीत, तीही आयातीची कागदपत्रे व पावती देणाऱ्याकडूनच. दगडही समुद्रातले नकोत. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात. सिमेंटचे असतील तर पाण्याचा सामू उतरेपर्यंत काही आठवडे भिजत ठेवावेत. बांधावरचा काळा कातळ फुकट मिळतो, पण तो इतका घट्ट असतो की जिवाणूंना राहायला जागा उरत नाही.

टाकी बसली की मीठ घालण्यापूर्वी साध्या पाण्याने आठवडाभर चालवावी. मुख्य स्विच वीस वेळा बंद-चालू करावा. तळटाकी किती भरते, वीज परत आल्यावर पहिली नळी स्वतःहून पुन्हा भरून वाहू लागते की नाही, तोवर वरची टाकी काठोकाठ येते का, हे पाहावे. पहिल्या नळीचे तोंड हाताने झाकून तिसरीची परीक्षा घ्यावी. चालू पातळीची खूण तळटाकीवर मार्करने करून ठेवावी. घरातल्या इतरांनाही ती समजते. मग मीठ, दगड आणि जिवाणू. अमोनिया व नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर गोगलगायी, मग विदूषक माशांची एक जोडी, आणि तिसऱ्या महिन्यात पहिले मऊ प्रवाळ, तेही तळाशी, दिवे निम्म्या तेजावर ठेवून.