आमच्या गल्लीची राखण

परवा महिला मंडळाच्या बैठकीत गल्लीच्या सुरक्षेचा विषय निघाला. तिघी-चौघींनी एकच सूर लावला, "पूर्वी बरं होतं बाई, दारं सताड उघडी टाकून झोपायचो. आता दोन्ही तोंडांना फाटक नि कॅमेरे पाहिजेतच." वर्गणी ठरली. मीही पाचशे रुपये दिले. पण घरी आले तरी 'पूर्वी बरं होतं' हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

पूर्वी म्हणजे कधी? आमचं शहापूर आज बेळगावचाच एक भाग. पण स्वातंत्र्याआधी बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि शहापूर सांगली संस्थानात. चार पावलं चाललं की राज्य बदलायचं. आज्जी सांगायची, चोर हद्दीपलीकडे पळाला की माणसं हात चोळत परत यायची. तिच्या मते गल्लीची खरी राखण केली ती हातमागांनी. विणकरांची वस्ती, रात्री उशिरापर्यंत खटखट चालू, कोणी ना कोणी जागं असायचंच.

त्याही आधी राखण हे वतनाचं काम होतं. पुण्या-साताऱ्याकडे रामोशी, आमच्या भागात बेरड. चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला तर जबाबदारी त्या गावावर जायची. माग हरवला तर नुकसान त्यानं भरून द्यायचं. म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकायचा, त्याच्याच गळ्यात जोखीमही बांधायची, असा तो व्यवहार होता. पुढे सत्ता बदलल्या, पगारी पोलीस आले, आणि या लोकांचे जुने हक्क एकेक करून सुटत गेले. पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईक उभे राहिले ते याच असंतोषातून. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली.

मग १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्यानं आपल्या मुंबई इलाख्यातही आला. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच उरला नाही. जन्म कुठल्या जातीत झाला एवढं पुरे. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर या आपल्या आसपासच्या गावांत त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. हुबळी-सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जायचं आणि परत येऊन हजेरीला उभं राहायचं. स्वतंत्र भारतानं ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द केला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज बेरड आणि रामोशी ही दोन्ही नावं आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दाराची राखण केली, त्यांनाच कागदावर चोर ठरवलं गेलं होतं.

कागद रद्द झाला, पण नजर? आपल्याच बेळगावजवळच्या भीमराव गस्तींचं 'बेरड' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. मला मात्र हे कळायला पुस्तक लागलं नाही. मी दहा वर्षांची असेन. आमच्या परसातलं मोठं पितळी पातेलं दिसेना. त्या दिवशी सुया-दोरे-मणी विकणारी एक बाई गल्लीत आलेली. तिला चौघांनी अडवलं, पिशवी रस्त्यावर उपडी केली, पदराची गाठ सोडायला लावली. मणी गटारापर्यंत घरंगळत गेले. मी पायरीवर उभी राहून बघत होते. आज्जी ओरडली, "काय बघूलैस गं, आत ये!" चार दिवसांनी कल्हईवाला पातेलं डोक्यावर घेऊन दारात हजर. काकूनंच त्याला दिलं होतं आणि विसरली होती. घरात सगळे हसले. त्या बाईला शोधून 'चुकलं' म्हणायला कोणी गेलं नाही. ती आमच्या गल्लीत पुन्हा कधी आली नाही.

त्याच सुमारास, दोन घरं सोडून, एका सुनेला रात्री मार पडायचा. भिंती पातळ, सगळ्यांना ऐकू यायचं. सकाळी ती नळावर यायची तेव्हा बांगड्या जरा वर सारलेल्या असायच्या, वळ झाकायला. कोणी काही विचारायचं नाही. 'त्यांच्या घरचा मामला.' मग पोलिसांच्या दप्तरात आमची गल्ली कशी दिसत असेल? अगदी स्वच्छ! एकही गुन्हा नाही!

गुन्ह्यांचं प्रमाण म्हणतात ते दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून काढतात. नोंदलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. जी तक्रार झालीच नाही ती आकड्यात येणार कुठून? सासरच्या छळाला फौजदारी कायद्यात वेगळं कलम मिळालं तेच १९८३ साली, ४९८-अ. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ वं आहे. घरगुती हिंसाचाराचा कायदा आला २००५ साली. त्याआधीच्या 'बऱ्या' काळात त्या सुनेच्या वळांना नावच नव्हतं. आज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बायकांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा आकडा असतो तो नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा. बलात्काराच्या नोंदींत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच निघतो. म्हणजे आपण ज्याच्यासाठी फाटक बसवतो तो परका. आणि ज्याची भीती जास्त, त्याच्याकडे घराची किल्ली असते.

फाटक नको असं मी म्हणत नाही. रात्री क्लासवरून येणारी लेक सुखरूप घरी यावी हे मलाही वाटतं. भुरट्या चोऱ्या होतात, साखळ्या ओढतात, कॅमेऱ्याचा उपयोगही होतो. पण फाटकावर उद्या कोणाला अडवलं जाईल हे मला पातेल्यामुळे माहीत आहे. आणि कॅमेरा रस्त्यावरचं बघतो, माजघरातलं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, फाटकावर फेरीवाल्या बाईची झडती कोणी घ्यायची नाही; संशय असेल तर पोलिसांना बोलवायचं. दुसरी, मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर ११२ आणि १८१ हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहायचे, आणि त्याखाली आपली नावं. शेजारच्या घरातून आवाज आला तर रात्रीसुद्धा दार वाजवायला जाणाऱ्या बायकांची. एकटीनं नाही, दोघी-तिघींनी मिळून जायचं. त्या यादीत पहिलं नाव माझं लिहा.