राजा दूर असताना : गोतसभा, महजर आणि सतराव्या शतकातील दख्खनचा कारभार



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. साठच्या दशकातली गोष्ट. मोडी लिपी अभ्यासक्रमात नव्हती. परंतु गुरुजी मधल्या सुटीत आम्हा चार-पाच मुलांना ती शिकवीत. एके दिवशी त्यांनी एका जुन्या महजराची नक्कल आमच्यापुढे ठेवली. पाटीलकीचा तंटा होता. वाचता वाचता 'राजीनामा' हा शब्द लागला आणि मी म्हणालो, "गुरुजी, या पाटलाने पाटीलकी सोडलेली दिसते." गुरुजी हसले. "अरे, सोडतो आहे कुठला? मिळवायला निघाला आहे तो. पुढे वाच." पुढे वाचल्यावर उलगडा झाला. त्या काळी राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद नव्हे. 'गोत जो निवाडा करील तो मला मान्य आहे' असे वादीने आणि प्रतिवादीने निवाड्यापूर्वी लिहून दिलेले संमतिपत्र म्हणजे राजीनामा.

त्या एका शब्दाने माझ्या मनात जो प्रश्न पेरला, तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. राजा दूर असेल, दुबळा असेल, किंवा एकाच वेळी दोन-तीन राजे एकाच मुलखावर हक्क सांगत असतील, तर त्या मुलखाचा कारभार चालतो कसा? तो चालत नाही, बेबंदशाही माजते, असे आपण सर्रास समजतो. दख्खनचे कागद काही निराळे सांगतात.

प्रथम काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणू. १६३६ मध्ये अहमदनगरची निजामशाही संपली. १६८१च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला आणि हे आपले भागानगरही मोगलांकडे गेले. १६८९च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज त्याच वर्षी जिंजीला गेले आणि पुढील आठ-नऊ वर्षे मराठ्यांची राजगादी मुलखापासून शेकडो कोस दूर राहिली. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव यांनी राज्य सांभाळले. १७०७ मध्ये भिंगारच्या छावणीत औरंगजेबाचा अंत होईपर्यंत ही झुंज चालू होती. एखाद्या परगण्यात सकाळी मोगलांचा अंमल, तर सायंकाळी मराठ्यांचा, अशी अवस्था होती. तरीही त्या वर्षांत शेते पेरली गेली, वाटण्या झाल्या, शिवेचे तंटे मिटले आणि त्यांचे कागद झाले. हे कोणी केले?

हे करणारी संस्था म्हणजे गोतसभा. 'गोत' या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. गोत्रावरून आलेला हा शब्द. पण महजरातील गोत म्हणजे एका कुळाची किंवा एका जातीची माणसे नव्हेत. परगण्याच्या गोतात देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील-कुलकर्णी, पेठेचे शेटे-महाजन आणि बलुतेदारही बसत. ज्यांचे वतन त्या भूमीत आहे, ज्यांना उद्याही त्याच पाणवठ्यावर एकमेकांची तोंडे पाहावयाची आहेत, असे सारे ते गोत. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात या सभेच्या कामकाजाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. पुढे डॉ. अ. रा. कुलकर्णी आणि जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी गाव आणि वतन या संस्थांवर मोलाचे लेखन केले.

सभेच्या कामाचा क्रम थोडक्यात असा. फिर्याद आली की वादी तो अग्रवादी आणि प्रतिवादी तो पश्चिमवादी. दोघांकडून राजीनामे आणि जामीन घेत. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी कैफियती, होत. जुने कागद पाहत, साक्षी घेत. स्थानिक गोत एका बाजूला झुकलेले आहे अशी शंका आली, तर वाद परस्थळी नेण्याची मुभा असे. कागद आणि साक्ष दोन्ही अपुरे पडले, तर दिव्य. तापलेल्या तेल-तुपातून धातूचा रवा काढावयाचा, हात बांधून त्यावर मोहोर करावयाची आणि काही दिवसांनी तो उघडून पाहावयाचा. आज आपल्याला हे अघोरी वाटते आणि ते अघोरीच होते. मात्र दिव्य हा पहिला उपाय नव्हता, बहुधा शेवटचा होता, हेही विसरू नये.

निवाडा झाला की महजर लिहिला जाई. त्याच्या आरंभी 'हाजीर मजालस' म्हणून उपस्थितांची नावे असत आणि खाली त्यांच्या निशाण्या. लिहिता येणारा अक्षर करी. पाटील नांगर काढी, वाणी तराजू काढी आणि बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार काढीत. जिंकलेला सरकारात हरकी भरी, हरलेला गुन्हेगारी भरी. आणि शेवटी हरलेल्याकडून 'येजितखत' घेत. आपला दावा खोटा ठरला आणि यापुढे आपण कज्जा करणार नाही, हे हरणाऱ्याने स्वतःच लिहून द्यावयाचे.

या क्रमातील तीन कागद मला फार महत्त्वाचे वाटतात. निवाड्याआधी राजीनामा, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांची यादी आणि निवाड्यानंतर येजितखत. ज्या सत्तेपाशी शिपाई आहेत, तुरुंग आहे, तिला हरणाऱ्याची संमती विचारण्याचे कारण पडत नाही. गोतापाशी यांपैकी काही नव्हते. म्हणून त्याने हुकमाची उणीव तीन गोष्टींनी भरून काढली. वादापूर्वी शब्दात बांधून घेतले, चारचौघांना साक्षी ठेवले आणि पराभव हरलेल्याच्याच तोंडून वदवला. याउपर जो मोडेल त्याला गोताबाहेर पडावे लागे. त्याच्याशी रोटी-बेटी बंद, त्याचे बलुते बंद. तुरुंगाहून ही शिक्षा सौम्य होती असे कोणी समजू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोतसभा म्हणजे राज्याला पर्याय नव्हे. सभेत गोताबरोबर दिवाण, म्हणजे सरकारी अंमलदारही असत आणि महजरावर शिक्कामोर्तब व्हावे अशी पक्षकारांची धडपड असे. लोकांना राजा हवाच होता. परंतु राजा बदलला तरी टिकेल अशी नोंद त्यांना अधिक हवी होती, आणि ती नोंद गोताच्या स्मरणात आणि सह्यांत होती.

आता या व्यवस्थेच्या उण्या बाजूकडे वळतो. माझ्या पिढीतील अनेकांनी या विषयावर केवळ गौरवाने लिहिले. मीही तरुणपणी लिहिले आहे. आज ते पुरेसे वाटत नाही.

पहिली उणीव राज्याच्या बाजूने दिसते. शिवाजी महाराजांनी देशमुखांचे हुडेकोट पाडले, त्यांचे हक्क बांधून दिले आणि रयतेकडून मनमानी वसुली करण्यास पायबंद घातला, असे सभासदाने आपल्या बखरीत नोंदले आहे. ती बखर जिंजीस लिहिली गेली हे लक्षणीय आहे. कारण ती लिहिली जात होती त्याच वर्षांत परिस्थितीच्या रेट्याने ते धोरण सैल होत होते. वतनदार मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून त्यांना नवी वतने, इनामे देणे भाग पडले. मोगलही तेच करीत. परिणाम असा की एकाच वतनाची एक सनद एका भावाकडे आणि दुसऱ्या दरबारची सनद दुसऱ्या भावाकडे. हरलेला माणूस येजितखत लिहून देई आणि सत्ता पालटताच नव्या दरबारी जाऊन तोच कज्जा पुन्हा उकरी. कित्येक तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले, ते यामुळेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावधपणा आहे, तो या अनुभवातून आलेला आहे. वतनदार म्हणजे आपापल्या जागी लहानसे राजेच. त्यांना दुखवू नये, पण मोकळेही सोडू नये, असे त्या मुत्सद्द्याचे सांगणे आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. गोत न्याय देई तो गोतातल्या माणसाला. ज्याची गावात मिरास आहे, तो थळकरी. पोटासाठी बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसणारा, तो उपरी. उपऱ्याचा शब्द थळकऱ्याच्या शब्दाइतका जड नसे. हाजीर मजालशीच्या यादीत स्त्रियांची नावे शोधावी लागतात. आणि महारांचे काय? गावच्या शिवेची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नसे. शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला मोठे वजन होते, महजरावर त्याची निशाणीही असे. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याला मात्र त्याच गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे. गाव त्याच्याकडून सत्य घेई आणि त्याला समता देत नसे.

१८३० साली चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील खेडी म्हणजे लहान लहान प्रजासत्ताकेच आहेत असा गौरव केला. राज्ये येतात-जातात, गाव तेवढे टिकते, असा त्याचा आशय. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा आतून पाहिलेल्या या गाड्याची मोडकी चाके त्यांना दिसली होती. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेटकाफच्या या गौरवाचा कठोर समाचार घेतला. गाव टिकले यात कौतुक कसले, ते कोणत्या पातळीवर टिकले हे पाहा, असा त्यांचा रोख होता. याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेसाठी विधेयक आणले होते. ते वतन म्हणजे तुटपुंज्या मोबदल्यात रात्रंदिवस राबण्याची वंशपरंपरागत सक्ती, हे ते जाणून होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. हा कायदा कोणत्याही गोतसभेने केलेला नाही. तो दूरच्या, पण बळकट आणि सर्वांना मोजणाऱ्या राज्यालाच करता आला.

आपल्या या हैदराबादच्या मुलखाला हा इतिहास परका नाही. १७१९च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे शेकडा पंचवीस आणि दहा, वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना मिळाला. १७२४ नंतर निजामाचे राज्य उभे राहिले आणि अनेक परगण्यांत दोन्ही सत्तांचे वसुलीदार फिरू लागले. यालाच दुअमली म्हणत. दोन धन्यांच्या त्या काळातही पिढीजात देशपांड्या-कुलकर्ण्यांच्या दप्तरांवाचून कोणाचेच पान हलत नसे. पुढे पहिले सालारजंग यांनी १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांकडील वसुलीचे काम काढून घेतले आणि त्यांना 'रुसूम' बांधून दिला. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत देशमुख, देशपांडे ही आडनावे पुष्कळ आहेत. त्या आडनावांमागचे काम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी संपले, नाव तेवढे राहिले.

मग आज या साऱ्याचा विचार कशासाठी? माझे सांगणे एवढेच की दुबळ्या राजसत्तेच्या काळातही माणसे कायद्यावाचून राहत नाहीत, ती आपला कायदा निर्माण करतात. तो संमती, साक्ष आणि नोंद यांवर उभा राहतो. बळकट राज्यालाही या तीन गोष्टींची गरज असते, हे गोतसभेपासून शिकावे. आणि तो कायदा आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला मोजीत नाही, हेही तिच्याकडूनच शिकावे. आपल्यासारख्या, मूळ मुलखापासून दूर येऊन वसलेल्या समाजाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. ही शाळा वर्गणीवर, परस्परांच्या शब्दावर उभी राहिली. तिच्या सभेत कोण बसतो आणि कोण दाराबाहेर उभा असतो, हा प्रश्न प्रत्येक पिढीने स्वतःला विचारला पाहिजे. गुरुजींच्या मोडीच्या वर्गात आम्ही पाचजण होतो, त्यांत दोघांची घरची भाषा मराठी नव्हती. गुरुजींनी कधी फरक केला नाही.

शेवटी एक विनंती. या शहराच्या राज्य अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील फारसी कागदांचा फार मोठा साठा आहे. ती राजाची बाजू झाली. गोताची बाजू पुष्कळदा घरोघरीच्या रुमालांत बांधलेली असते. आपल्या माळ्यावर, जुन्या पेटीत असा रुमाल असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. वाळवीला तर मुळीच देऊ नका. मोडी वाचणारे दाखवा, नक्कल करून घ्या. त्यात आपल्या पूर्वजांच्या मोठेपणाचाच पुरावा सापडेल असे नाही. कदाचित एखादे येजितखत निघेल, आपले पणजोबा खोटे ठरल्याचे. तेही जपून ठेवा.