अदृश्य यंत्रशाळा

विहिरीतून पाणी शेंदणारा मनुष्य आणि नळाची तोटी फिरविणारा मनुष्य यांच्यातील अंतर केवळ श्रमांचे नसते. पहिल्याला आपल्या पाण्याचा ठाव माहीत असतो. दुसऱ्याला तो माहीत असण्याची गरजच उरत नाही. संगणकाच्या इतिहासातही असेच स्थित्यंतर घडून आले.

१९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी असा विचार मांडला की, टेलिफोनप्रमाणे गणनशक्तीही एके दिवशी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. तो व्यापक प्रमाणावर प्रत्यक्षात येण्यास सुमारे पंचेचाळीस वर्षे लागली. २००६ साली ॲमेझॉनने माहितीची साठवण आणि संगणकाची शक्ती इंटरनेटद्वारे भाड्याने देण्यास प्रारंभ केला. दूर कोठेतरी असलेल्या या यंत्रसमूहास ‘क्लाउड’ हे नाव रूढ झाले.

अशा सोयीची निकड नेटफ्लिक्सला लवकरच भासली. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांकडे चित्रपटांच्या डीव्हीडी रवाना होऊ शकल्या नाहीत. सारा डोलारा एकाच खांबावर उभा होता, त्याचे हे फळ. कंपनीने मग क्लाउडचा आश्रय घेतला आणि आपल्या एकसंध प्रणालीचे शेकडो लहान, स्वतंत्र सेवांत विभाजन केले. एक सेवा बंद पडली तरी इतरांनी चालू राहावे, आणि जिच्यावर भार वाढेल तिचेच बळ वाढवावे, हे त्यामागील तत्त्व. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले.

दरम्यान, नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने ‘लॅम्ब्डा’ ही सेवा जाहीर केली. येथे ग्राहकाने केवळ आपला प्रोग्राम सोपवावयाचा. मागणी आली की तो चालतो. मागण्या वाढल्या की अधिक यंत्रबळ आपोआप कामास लागते. काम संपले की आकारणीही थांबते. ती आरंभी सेकंदाच्या दशांशाने होत असे. या पद्धतीस ‘सर्व्हरलेस’ म्हणतात; परंतु हे नाव फसवे आहे. सर्व्हर नाहीसा झालेला नाही. त्याची चिंता वाहणारा तेवढा बदलला.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी याचा प्रत्यय आला. ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना चूक केली; थोडे सर्व्हर बाजूला काढावयाचे होते, ते पुष्कळ निघाले. उत्तर व्हर्जिनियातील साठवणसेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे अडली. सेवांची स्थिती सांगणारा ॲमेझॉनचा फलकही त्याच साठवणीवर अवलंबून होता. त्यामुळे बिघाडाची वार्ताही काही काळ त्यावर देता येईना.

खांब अनेक झाले, तरी पाया एकच राहिला होता. म्हणूनच महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणीही राखणे हे शहाणपणाचे ठरते. नळ घरात आला, म्हणून विहीर बुजवू नये.