उलटतपासणीपासून मुलाखतीपर्यंत : मेरी रिचमंड आणि समाजकार्याची जडणघडण

१/१०
१८७७. लंडनच्या १८६९ सालच्या संस्थेच्या धर्तीवर अमेरिकेतील बफेलो शहरात धर्मादाय संघटन संस्था स्थापन झाली. अशा संस्थांची स्वयंसेविका गरजू कुटुंबाच्या घरी जाई आणि चौकशी करी. कुटुंबाला मदत मिळणार की नाही, हे बव्हंशी त्या भेटीवर ठरे.

२/१०
त्या भेटीमागचा प्रश्न एकच असे : हे कुटुंब मदतीस 'पात्र' की 'अपात्र'? दारिद्र्याचे मूळ आळस, व्यसन वा उधळेपणात शोधण्याकडे कल होता. स्वयंसेविकेला प्रशिक्षण नव्हते. सद्भावना हीच तिची पात्रता मानली जाई.

३/१०
१८८९ मध्ये बाल्टिमोरच्या अशाच संस्थेत मेरी रिचमंड सहायक कोषाध्यक्ष म्हणून रुजू झाल्या. लहानपणीच आई गमावलेल्या, आजी व मावश्यांनी वाढवलेल्या रिचमंड यांना महाविद्यालयीन शिक्षण मिळाले नव्हते. हिशेबाच्या वह्यांइतकेच त्यांचे लक्ष गृहभेटींकडे लागले.

४/१०
१८९७ मध्ये टोरोंटोच्या परिषदेत त्यांनी या कामासाठी प्रशिक्षण देणाऱ्या शाळेची मागणी केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. चांगला हेतू पुरेसा नसतो, ऐकणे आणि पारखणे शिकावे लागते, हा विचार रुजू लागला.

५/१०
१९१५ मध्ये मात्र धक्का बसला. वैद्यकीय शिक्षणावरील अहवालामुळे गाजलेले अब्राहम फ्लेक्सनर यांनी बाल्टिमोरच्या परिषदेत स्पष्ट सांगितले : समाजकार्य हा अद्याप पूर्ण अर्थाने व्यवसाय नाही. मग या कामाचे स्वतःचे तंत्र तरी कोणते?

६/१०
दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा सुमारे ५०० पानांचा ग्रंथ आला. त्यांनी 'निदान' ही संज्ञा वैद्यकातून घेतली आणि पुराव्याची शिस्त कायद्यातून. आधार होता तो प्रत्यक्ष प्रकरणांच्या नोंदींचा.

७/१०
पहिल्या मुलाखतीचे हेतू त्यांनी नेमके मांडले : समोरच्याचे न्याय्य बुद्धीने व धीराने ऐकणे, परस्पर विश्वास निर्माण करणे, पुढील माहितीचे धागे मिळवणे आणि त्या व्यक्तीच्या स्वावलंबनाला तिथपासूनच हातभार लावणे. ऐकण्याचे स्थान पहिले होते.

८/१०
स्वतः पाहिलेले, कोणी सांगितलेले आणि परिस्थितीवरून ताडलेले वेगळे ठेवा, हा त्यांचा आग्रह. 'नवरा दारू पितो ना?' अशा प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. चौकशी करणाऱ्याचे पूर्वग्रहही निदान बिघडवतात, हे त्यांनी बजावले.

९/१०
या पद्धतीत धोकाही होता. नातेवाईक, शिक्षक, डॉक्टर, मालक अशा सर्वांकडे चौकशी झाली की मदतीचे रूपांतर पाळतीत होऊ शके, आणि गरजूला नकार देणे कठीण. १९५७ मध्ये फेलिक्स बिस्टेक यांनी मांडलेल्या सात तत्त्वांत म्हणूनच गोपनीयता, स्वनिर्णय आणि दोषारोप न करणारी वृत्ती यांना स्थान मिळाले.

१०/१०
१९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पहिले संचालक होते अमेरिकेहून आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

आज महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलासमोर शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन नातेवाईक उभे असतात. पात्रतेचा जुना प्रश्न तिथे अटळच असतो. कागद तपासून झाल्यावर त्यांना बसायला सांगून 'नेमके काय घडले?' असे विचारले जाते की नाही, यावर रिचमंड यांचा वारसा टिकून आहे.

#थ्रेड #इतिहास #समाजकार्य